तबल्याचा रियाज

घरांतील मूल तबला शिकूं लागलें, कीं पाहुण्यांसमोर त्याला जलद वाजवावयास सांगण्याचा मोह आपणांस आवरत नाहीं. परंतु अस्पष्ट अक्षर वेगानें स्पष्ट होत नसतें. उलट तो दोष हातांत मुरतो व पुढें निघतां निघत नाहीं.

म्हणून रियाजाचा आरंभ नादापासून करावा. ‘ना’ हा बोल तर्जनीनें किनारीवर वाजतो. त्या वेळीं अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असावी. ती दडपली, तर नाद गुदमरतो. उचलली, तर नेमका स्वर उमटत नाहीं. डग्ग्यावर ‘घे’ वाजवितांना मनगट पुडीवर टेकलेलें असावें आणि आघात होतांच बोट उचलावें, म्हणजे घुमारा मोकळा राहतो. खांदे सैल असावेत.

मग एकच कायदा घ्यावा. प्रथम तो तोंडानें म्हणत हातानें ताल धरावा, नंतर विलंबित लयींत वाजवावा. ‘तिट’मधील दोन्ही अक्षरें सारख्या वजनाचीं ऐकूं आलीं, कीं मगच दुगुन करावी. तींत एखादें अक्षर पुसट झालें, तर निमूटपणें मूळ लयीवर परतावें.

गंधर्व नाटक मंडळींत साथ केलेले उस्ताद अहमदजान थिरकवा १९७६ सालीं निवर्तले. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत द्रुत लयींतहि अक्षर न् अक्षर सुटें ऐकूं येतें. मुलाकडे वेगाची फर्माईश करण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं त्या एकदां अवश्य ऐकाव्या.