मृतांच्या वतीने

1823 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायराजवळ ॲल्विन स्मिथ हा पंचवीस वर्षांचा तरुण वारला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधीच्या वेळी पाद्र्याने, हा नरकातच गेला असणार, असे सुचवले. स्मिथ कुटुंबाच्या मनातून ते बोल कधी गेले नाहीत. ॲल्विनचा धाकटा भाऊ जोसेफ तेव्हा सतरा वर्षांचा होता. याच जोसेफने 6 एप्रिल 1830 रोजी मॉर्मन पंथाची स्थापना केली. या पंथाची तारणाची कल्पना कळायची असेल, तर आधी या घरातले दुःख समजून घ्यावे, असे मला वाटते.

जोसेफने 1832 मध्ये सांगितलेल्या दृष्टांतात स्वर्गाचे तीन लोक आहेत : सिलेस्टियल, टेरेस्ट्रियल आणि टेलेस्टियल. ख्रिस्तामुळे पुनरुत्थान सगळ्यांचेच होते आणि कायमच्या अंधारात फारच थोडे पडतात. मात्र सर्वोच्च लोकातले परमपद हवे, तर विधी चुकत नाहीत : बाप्तिस्मा, मंदिरातली एन्डाउमेंट ही दीक्षा आणि पती-पत्नी, आईबाप-मुले यांना अनंतकाळासाठी जोडणारे सीलिंग. हे सारे देहाने, पृथ्वीवरच करायचे. मग ॲल्विनसारख्यांचे काय?

उत्तर 15 ऑगस्ट 1840 रोजी मिळाले. इलिनॉयमधल्या नॉव्हू गावी एका अंत्यविधीच्या प्रवचनात जोसेफने करिंथकरांस लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन सांगितले, की मृतांसाठी जिवंतांनी बाप्तिस्मा घ्यावा. महिन्याभरात जेन नेमन ही आई मिसिसिपी नदीत उतरली आणि वारलेल्या मुलाच्या नावाने तिने बुडी घेतली. विधीचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून दुसऱ्या एका बाईने घोडा थेट पाण्यात घातला होता. पुरुषांसाठी पुरुषांनी आणि स्त्रियांसाठी स्त्रियांनीच बुडी घ्यायची, हा नियम 1845 मध्ये आला.

आज हा विधी मंदिरात, बारा बैलांच्या मूर्तींवर पेललेल्या कुंडात होतो. पांढऱ्या कपड्यांतली बारा-तेरा वर्षांची मुलेही मृताचे नाव उच्चारले जाताच पाण्याखाली जातात. विधी झाला म्हणून मृत मॉर्मन होत नाही. परलोकात तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे त्याच्या आत्म्याने ठरवायचे.

नावाशिवाय विधी नाही, आणि नाव हवे तर वंशावळ हवी. म्हणून 1894 मध्ये युटाची वंशावळ संस्था निघाली. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म ठेवल्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही या संस्थेने चित्रण करून घेतले. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आपल्या खापरपणजोबांची सही पाहिलेल्या माणसाला या ध्यासाची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पण याच ध्यासाने जखमाही केल्या. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावानेही बाप्तिस्मे झाले. ॲन फ्रँकचे नावही त्यांत होते. ज्यू म्हणूनच ज्यांना मारले, त्यांच्यावर मरणोत्तर ख्रिस्ती विधी होणे वारसांना असह्य होते. 1995 च्या करारात मॉर्मन चर्चने हे थांबवण्याचे मान्य केले. तरी पुढेही अशी नावे सापडत राहिली. नाकारण्याची मुभा मृताला आहे, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. विचारायचे ते हयात वारसांना. आता गेल्या 110 वर्षांत जन्मलेल्या मृतासाठी जवळच्या नातलगाची परवानगी लागते.

जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय स्त्रीची कथा याच्या नेमकी उलट आहे. कनेक्टिकटहून निघालेली जेन शेकडो मैल पायी चालून 1843 मध्ये नॉव्हूला पोहोचली आणि जोसेफच्या घरी कामाला राहिली. पुढे युटात तिला मृत नातलगांसाठी बाप्तिस्मा घेऊ दिला, पण स्वतःसाठी एन्डाउमेंट ती वारंवार मागत राहिली आणि वर्णामुळे नकार मिळत राहिला. 1894 मध्ये तिला जोसेफची सेविका म्हणून अनंतकाळासाठी जोडण्याचा खास विधी झाला. ती हयात होती, तरी तिला मंदिरात येऊ दिले नाही. तिच्या जागी एक गोरी स्त्री उभी राहिली. 1908 मध्ये जेन वारली. मंदिरातली वर्णबंदी जून 1978 मध्ये उठली. आयुष्यभर मागितलेली एन्डाउमेंट तिला 1979 मध्ये मिळाली, तीही दुसऱ्या कुणाच्या देहाने.