स्क्रू गेला, सिलिंडर आला

गेल्या महिन्यात खोपोलीतल्या आमच्या पत्रा लाटणाऱ्या जुन्या फोर-हाय मिलचे हाउसिंग गॅसकटरने कापून भंगारात गेले. मिल थकली होती, तिचे जाणे मला मान्य आहे. मान्य नाही ते वेगळेच. तिच्याबरोबर रोल शॉपही बंद झाले आणि रोल घासण्याचे काम बाहेर गेले.

ऐंशीच्या दशकाबद्दल लिहिण्यासारखे थोडेच. पोलादाचे भाव आणि वाटप नियंत्रणाखाली, हॉट रोल्ड कॉईल हाती लागली की भागले. जे निघेल ते खपायचे. १९९२च्या जानेवारीत नियंत्रण उठले आणि गिऱ्हाईक मायक्रोमीटर लावून पत्रा तपासू लागले.

आमची खरी वर्षे तिथून सुरू झाली. तोवर रोलमधली फट मोटरने फिरणाऱ्या स्क्रूवर कमीजास्त व्हायची. चूक कळून स्क्रू हलेपर्यंत कित्येक मीटर पत्रा पुढे निघून जाई. हायड्रॉलिक सिलिंडर आले आणि तेच काम मिलिसेकंदांत होऊ लागले. तरी एक अडचण उरलीच. एक्स-रे गेज रोलच्या पुढे बसवलेला, त्याला चूक दिसायची ती घडून गेल्यावर. उपाय साध्या हिशेबात होता. पत्र्याची रुंदी जवळपास बदलत नाही. म्हणून आत जाताना जाडी गुणिले वेग जेवढा, तेवढाच बाहेर येताना. दोन्हीकडचे वेग आणि आत जाणारी जाडी नेमकी मोजली, की फटीतून निघणारी जाडी तिथल्या तिथे कळते. ही पद्धत बसल्यावर कॉईलमागून कॉईल एका मापात उतरू लागली. नोकरीतला तेवढा निर्मळ आनंद मला पुन्हा मिळाला नाही.

सपाटपणाला मात्र माणूसच लागायचा. आमचे जुने ऑपरेटर चालत्या पत्र्याला लाकडी दांडा टेकवून ताण ओळखत. कडा लाटदार होतेय की मध्ये फुगवटा येतोय, हे त्यांना आधी कळे, आणि ते रोल किंचित वाकवणाऱ्या बेंडिंगचा दाब बदलत.

याच माणसांना मेमो मिळाले. वेग वाढवला की मिल थरथरायची, जाडी हेलकावे घ्यायची, कधी पत्रा तुटायचा. वरिष्ठ म्हणायचे, ऑपरेटरचे लक्ष नाही. दोष रोलवर फवारल्या जाणाऱ्या तेल-पाण्याच्या इमल्शनमध्ये होता. तेलाचे प्रमाण उतरलेले, टाकीत लोखंडाची पूड आणि गळून आलेले हायड्रॉलिक तेल. टाकी धुण्यासाठी एक पाळी मिल बंद ठेवायला कोणी तयार नव्हते. ते मेमो अन्यायाचे होते, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

आज मिलमधल्या पडद्यावर तासाचे टन झळकतात. पत्रा तुटल्यावर बदलावे लागलेले रोल, ॲनीलिंगच्या भट्टीनंतर काळे डाग उमटून परत आलेली कॉईल, जाड राहिली म्हणून कापून टाकलेली टोके, यांतले काहीही त्या आकड्यात नाही. आणि दांडा टेकवून ताण ओळखणारा शेवटचा माणूस निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या शेजारी शिकायला कोणी उभे केलेले नव्हते.

मिल चालवणाऱ्यांना माझे सांगणे आहे: गिऱ्हाइकाने स्वीकारलेले टन तेवढेच उत्पादन म्हणून मोजा, आणि रोल शॉप पुन्हा आवारात आणा.