घाटाआधी दोन स्टेप वर

तुळजापूरचा घाट काही कसारा-आंबेनळीच्या पंगतीतला नाही. सोलापूर सोडून हिप्परग्याचा तलाव आणि तामलवाडी मागे पडली की बालाघाटचे डोंगर समोर येतात. सुमारे ४५ किलोमीटरच्या वाटेतला खरा चढ शेवटी शेवटी लागतो. पण मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात तो शंभर सीसीच्या गाडीवर, दोघं बसून, मागे गच्च पिशवी बांधून चढला जातो. मग गॅरेजात तक्रार येते, की इंजिन दम टाकतंय. कित्येकदा इंजिन धडधाकट असतं. गाडी चढते, पण वळणावर ऐकत नाही.

जुन्या तुळजापूर नाक्याकडच्या एका गॅरेजात यावरचा इलाज मी जवळून पाहिला. यंत्रमागावर काम करणारा तरुण बायकोला घेऊन देवीला निघाला होता. "मिस्त्री, घाटात हँडल हलकं लागतंय. कोनसेट गेला काय?"

मिस्त्रींनी हँडल दोन्हीकडे फिरवून पाहिलं. "कोनसेट ठीक आहे. डबल स्टँडवर घ्या."

मागचं चाक लोंबकळत असताना त्यांनी एक्सलच्या नटापासून वर सीटमागच्या हँडलपर्यंत टेप लावला. मग गाडी खाली उतरवली, "वहिनी, बसा तुम्ही पण," म्हणत दोघांना बसवलं आणि पुन्हा मापलं. शॉकअपची निम्म्याहून जास्त हालचाल जागच्या जागीच संपली होती. ती साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी संपावी. मागचा भाग इतका बसला की पुढचा चिमटा जास्त तिरपा होतो, चाकावरचं वजन घटतं आणि हँडल हलकं लागतं.

त्यात चढ आला की आणखी भर. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून २६० किलो धरा. दर दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्यातले १४-१५ किलो पुढच्या चाकावरून निघून मागच्यावर जातात. ॲक्सिलरेटर पिळला की आणखी थोडे. आणि वळायचं असतं ते पुढच्याच चाकावर.

पाना हातात घेण्याआधी मिस्त्रींनी सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. गाडी एकदा वर येऊन थांबली. ती दोन-तीनदा डोलली असती, तर शॉकअपमधलं तेल गेलेलं असतं आणि स्प्रिंगची स्टेप वाढवून काही साधलं नसतं. नंतर ब्रशला रॉकेल लावून स्प्रिंगखालच्या रिंगेतली माती काढली. माती असताना फिरवलं की खाचा झिजतात. हुक पाना अडकवून त्यांनी एक जोर दिला, खट्‌ आवाज झाला; मग दुसरा. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. डावी-उजवी वेगळी राहिली तर चाक कुणाचं ऐकायचं ते ठरत नाही. दुसरीवरून चौथी स्टेप.

स्टेप वाढवली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं बहुतेकांना वाटतं. स्प्रिंग तीच राहते. ती आधीच थोडी दाबून ठेवलेली असते, म्हणून तेवढ्याच वजनाला गाडी कमी बसते. पुन्हा टेप लावला तेव्हा माप जागेवर आलं होतं. चेनही दोघांना बसवूनच तपासली, कारण गाडी खाली बसते तशी चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली ढील घाटात पुरत नाही.

पिशवीचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं. ती मागच्या कॅरिअरवर, एक्सलच्याही मागे बांधलेली होती. तिथलं वजन पुढचं चाक उचलायलाच मदत करतं. मिस्त्रींनी ती सोडून टाकीवर पट्ट्याने आवळली. एक पैसा न लागता जितका फरक पडतो, तितका कधी कधी पान्यानेही पडत नाही.

गुलमर्गला बर्फावर स्नोमोबाइल चालतात, त्यांच्यापुढेही हाच पेच असतो. तीव्र चढावर वजन मागच्या पट्ट्यावर जातं, पुढच्या स्की उचलल्या जातात आणि वळणं हातात राहत नाही. तिथे पट्ट्याच्या आतल्या सांगाड्याचा पुढचा भाग लिमिटर नावाच्या छोट्या पट्टीने आवळतात. तो फार खाली ढकलला जात नाही आणि स्की बर्फाला टेकून राहतात. यंत्र वेगळं, पण पुढचं टोक जमिनीला टेकवून ठेवायची धडपड तीच.

उतरताना चित्र उलटं होतं. वजन पुढे झुकतं, मागची बाजू उंच असल्याने हँडल जास्त चपळ होतं आणि ब्रेक दाबला की पुढचा चिमटा खोल जातो. म्हणून चिमट्यातलं तेल जुनं आहे का, ऑइल सीलमधून ओल येते का, हेही मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं निघालं. "उतरताना तिसऱ्या गिअरात या, नुसत्या ब्रेकवर नको. आणि उद्या एकटेच कामाला जाणार ना? मग या इकडं, दोन स्टेप खाली करून देतो, नाहीतर एकट्याला गाडी उडवेल." तरुणाने पैसे किती विचारले. वीस रुपये.