वारशाच्या पिस्तुलाचें मोल



नगर शहराजवळचें नागापूर आज कारखान्यांसाठीं ओळखलें जातें. परंतु १८०३ च्या ऑगस्टांत वेल्स्लीनें शिंद्यांकडून घेतलेला भुईकोट किल्ला येथून कांहीं मैलांवरच आहे. पुढें नगरास लष्करी छावणी झाली, आणि जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतील पुरुष दोन्ही महायुद्धांत लढून आले. अशा भागांत माळा आवरतांना एखादें जुनें लष्करी पिस्तूल हातीं यावें यांत नवल नाहीं. तें आलें कीं घरांत पहिला प्रश्न उठतो, ‘याचे किती येतील?’ या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची एक रीत आहे, ती आज सांगावयाची आहे.

प्रथम सावधगिरी. ठासणीच्या शस्त्राच्या नळींत जुना बार शिल्लक असूं शकतो. म्हणून चाप ओढून पाहूं नये व नळी कोणाकडेंही रोखूं नये.

मग कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें जुन्या शस्त्रास सवलत दिली आहे. पण जें दुरुस्त करूनही चालणार नाहीं, त्यालाच. १९१५ सालचें वेब्ले रिव्हॉल्व्हर शंभरी ओलांडूनही चालूं शकतें. त्याला परवाना हवाच. परवाना नसेल तर तें घेऊन न फिरतां आधीं पोलीस ठाण्यास कळवावें. वारसास परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस वारशाचीं धरूनही दोनच शस्त्रें ठेवतां येतात. ज्याचा ताबाच कायदेशीर नाहीं, त्याला बाजारांत मोल नाहीं.

आतां ओळख. आमच्या भागांत प्रत्येक जुनें पिस्तूल ‘किल्ल्याच्या लढाईंतलें’ असल्याचें सांगतात. वस्तूसच विचारून पाहावें. चकमकीच्या पिस्तुलावर उभा सिंह कोरलेला असेल तर तें ईस्ट इंडिया कंपनीचें; पण ही खूण कंपनीनें १८०८ च्या सुमारास घेतली. त्यापूर्वीं तेथें बदामाच्या आकाराची मुद्रा असे. टोपीनें पेटणारी यंत्रणा तर ब्रिटिश फौजेंत १८४० च्या सुमारास रूढ झाली. म्हणजे सिंहाचें किंवा टोपीचें पिस्तूल १८०३ च्या वेढ्यांत असणें शक्यच नाहीं. इंग्रजी अक्षरें चुकीचीं किंवा उलटीं कोरलेलीं दिसलीं, तर ती नक्कल समजावी. ब्रिटिश शस्त्रांवरील बाणाची खूण सरकारी मालकी दाखविते; दोन बाण टोकाला टोक लावून असले, तर सरकारनें तें शस्त्र विकून टाकलें होतें असा अर्थ होतो.

तिसरी गोष्ट स्थितीची. येथेंच घरोघरीं नुकसान होतें. दिवाळीस पितळेचीं भांडीं घांसावीं तसें पिस्तूल चिंच किंवा काचकागद लावून लख्ख करतात. त्यानें खुणा झिजतात, पोलादावरची मूळची काळसर झांक जाते, आणि संग्राहक ज्यासाठीं पैसे देतो तेंच नाहींसें होतें. मऊ कापडानें धूळ पुसावी, लोखंडास किंचित् तेल लावावें, मुठीच्या लाकडास रोगण लावूं नये.

चौथी गोष्ट पुराव्याची. आजोबांचें सेवापुस्तक, पत्रें, जुना परवाना हें सारें पिस्तुलाबरोबरच जपावें. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचें नांव व पलटण कोरलेली असते. अशा कागदाची व पदकाची जोड मिळाली, म्हणजे साध्या वस्तूसही इतिहास प्राप्त होतो. नुसत्या तोंडी कथेस खरेदीदार किंमत देत नाहीं.

राहिला प्रश्न दराचा. लंडनच्या लिलावांतील आंकडे पाहून हुरळून जाऊं नये. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं. म्हणून तेथील भाव नागापुरास लागू पडत नाहीं. येथील गिऱ्हाईक थोडें, म्हणून भावही बेताचा. विकण्यापूर्वीं परवानाधारक शस्त्रविक्रेता व वस्तुसंग्रहालयांतील जाणकार, अशा दोघांचें मत घ्यावें.

आणि भाव अल्प आला तरी खिन्न होऊं नये. ज्या हातांनीं तें शस्त्र वागविलें त्यांचें नांव त्याच्यासह टिकलें, तर वारसा राखला असें खुशाल म्हणावें.