लेनिनच्या पत्नीचे मागणे

२१ जानेवारी १९२४ च्या संध्याकाळी मॉस्कोजवळच्या गोर्की गावी लेनिनने डोळे मिटले. वय अवघे त्रेपन्न! हाडे गोठवणारी थंडी पडली होती. पण त्याचे शव मॉस्कोत आणून ठेवताच दर्शनासाठी माणसांची रीघ लागली. रस्त्यावर शेकोट्या पेटवून लोक रात्रीसुद्धा रांगा धरून उभे होते.

मृत्यूच्या नवव्या दिवशी ‘प्रावदा’ पत्रात त्याच्या विधवेचे चार ओळींचे निवेदन आले. नादेझ्दा क्रूप्स्काया यांनी लोकांना विनविले होते, की त्याचे पुतळे उभारू नका, त्याच्या नावाचे वाडे नकोत, समारंभांचा थाट नको. हयातीत त्याला याचा जाचच होई. मान द्यायचाच असेल तर पाळणाघरे, बालकमंदिरे, घरे, शाळा, ग्रंथालये बांधा.

हे मागणे एका शिक्षिकेचे होते. तरुणपणी पीटर्सबर्गमध्ये ही मुलगी गिरणीकामगारांच्या रात्रशाळेत फुकट शिकवी. लेनिनही शाळा-तपासनिसाचा मुलगा. झारच्या खुनाच्या कटापायी थोरला भाऊ १८८७ मध्ये फासावर चढला आणि हा क्रांतीच्या वाटेला लागला. १८९८ मध्ये सायबेरियातील शुशेन्स्कोये या खेड्यात, हद्दपारीतच, दोघांचे लग्न झाले. अंगठ्या तांब्याच्या नाण्यांच्या! आणि वऱ्हाड म्हणावे तर नवरीबरोबर आलेली तिची आई. सासूबाई पुढेही परदेशात या जोडप्याबरोबरच राहिल्या. मूलबाळ झाले नाही.

मार्च १९२३ मध्ये लेनिनची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. देशाला भाषणांनी हलवणाऱ्या त्या माणसाला बाईंनी पुन्हा एकेक शब्द उच्चारायला, डाव्या हाताने अक्षरे गिरवायला शिकवले. मरणाच्या दोन दिवस आधी त्या त्याला जॅक लंडनची गोष्ट वाचून दाखवत होत्या: बर्फाळ रानात उपाशी माणूस आणि मरायला टेकलेला लांडगा यांची झुंज. ती त्याला फार आवडली.

मग त्या मागण्याचे काय झाले? निवेदन छापून येण्यापूर्वीच पेट्रोग्राडचे लेनिनग्राड झाले होते. तांबड्या चौकात आधी लाकडी समाधी आली, १९३० मध्ये ग्रॅनाइटची. रसायनशास्त्रज्ञांनी देह टिकवला. १९४१ मध्ये जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा तो आगगाडीने सायबेरियात त्यूमेनला नेऊन लपवला. गावोगाव पुतळे झाले ते वेगळेच.

दुसरे अर्धे मागणे मात्र वाया गेले नाही. १८९७ च्या शिरगणतीत शंभरांत जेमतेम एकवीस माणसे साक्षर होती. डिसेंबर १९१९ मध्ये फर्मान निघाले, की आठ ते पन्नास वर्षांच्या प्रत्येकाने लिहावाचायला शिकलेच पाहिजे. १९३९ पर्यंत नऊ ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांपैकी सुमारे सत्त्याऐंशी जण वाचू लागले. या कामात बाईंनी हाडांची काडे केली. पण ग्रंथालये वाढवणाऱ्या याच बाईंच्या देखरेखीखाली प्लेटो आणि कांट कपाटांतून काढून टाकण्याच्या याद्या निघाल्या, हेही विसरून चालणार नाही. वाचायला शिकवायचे आणि काय वाचू नये तेही आपणच ठरवायचे, हा हट्ट त्या राजवटीचा होता. बाई त्याला अपवाद नव्हत्या.

१९९१ मध्ये लेनिनग्राडचे पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. कितीतरी पुतळे उतरले. समाधी तेवढी राहिली. क्रूप्स्कायाबाई सत्तरावा वाढदिवस होताच दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी १९३९ ला वारल्या. त्यांची रक्षा क्रेमलिनच्या भिंतीत आहे, त्या समाधीच्या मागेच.