कर्तन हत्यारांवरील विलेपन आणि त्यांची कार्यक्षमता : दिघी परिसराच्या संदर्भात

रायगड किनाऱ्यावर राजपुरी खाडीलगत असलेल्या दिघी येथील बंदर औद्योगिक क्षेत्रास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा क्षेत्रात मोठ्या उद्योगांबरोबर दुरुस्तीची कामे करणाऱ्या लहान यंत्रशाळाही येतात. बंदर व नौका यांच्या कामात स्टेनलेस स्टीलचे शाफ्ट लेथवर कातावे लागतात आणि याच धातूपुढे साध्या हत्याराची धार लवकर जाते.

स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याने कर्तनातील उष्णता धारेपाशीच साठते. विलेपन, म्हणजे कारखान्यातील ‘कोटिंग’, ही उष्णता व घर्षण यांच्यापासून धारेचे रक्षण करते. त्याची जाडी काही मायक्रोमीटर इतकीच असते. सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचे सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत ऑक्सिडीकरण होऊ लागते. टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइडच्या पृष्ठभागावर मात्र तापमान वाढताच अॅल्युमिनाचा पातळ थर तयार होतो व ते सुमारे ८०० अंशांपर्यंत टिकते. केवळ सोनेरी रंग पाहून हत्यार घेण्याची सवय म्हणूनच फसवी ठरते.

विलेपनाची पद्धतही तितकीच निर्णायक असते. रासायनिक बाष्प-निक्षेपण सामान्यतः १००० अंशांच्या आसपास होते. ते कार्बाइडला मानवते, परंतु थर जाड बसत असल्याने धार किंचित गोलसर ठेवावी लागते. भौतिक बाष्प-निक्षेपण ५०० अंशांच्या सुमारास होत असल्याने हायस्पीड स्टीलचे पाणी उतरत नाही आणि धारही तीक्ष्ण राहते. घासले गेल्यास स्टेनलेस स्टील अधिकच कठीण होते. त्यास तीक्ष्ण धारच हवी.

खरा प्रश्न यंत्राचा आहे. विलेपनाचा मुख्य लाभ अधिक कर्तनवेग हा होय. जुन्या, मंद लेथवर चिपचा अंश धारेला चिकटतो आणि निखळताना विलेपनाचे कण सोबत नेतो. स्पिंडलमध्ये ढिलाई असेल तर ठिसूळ कार्बाइडची धार तुटते. तेथे महाग इन्सर्टपेक्षा हायस्पीड स्टीलचे चिवट हत्यार अधिक काम देते. लेथ भक्कम असेल तर भौतिक निक्षेपणाचा, चिवट कार्बाइडचा इन्सर्ट घ्यावा.

पुन्हा धार लावताना घासलेल्या पृष्ठावरील विलेपन निघून जाते. ड्रिलच्या खाचांमध्ये मात्र ते शिल्लक राहते व चिप बाहेर सरकण्यास मदत करीत राहते. त्यामुळे विलेपित ड्रिलला धार लावणे व्यर्थ नसते. केवळ नव्या ड्रिलइतक्या आयुष्याची अपेक्षा धरू नये.