पंतप्रधानांना भोवणारा कर

टोकियोतील एखाद्या छोट्या दुकानातून जेवणाचा डबा घेऊन तो घरी नेला, तर त्यावर ८ टक्के कर पडतो. तोच डबा दुकानातल्याच बाकावर बसून खाल्ला, तर १० टक्के. दैनिक वर्तमानपत्र वर्गणी भरून घरी मागवले तर ८ टक्के, रेल्वे स्थानकावर सुटे विकत घेतले तर १० टक्के. ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालेली ही द्विस्तरीय रचना अर्थशास्त्रातून आलेली नाही, राजकीय तडजोडीतून आलेली आहे. खाद्यपदार्थांना सवलत हवी, हा सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या तत्कालीन सहकारी कोमेइतो पक्षाचा आग्रह होता. करवाढीची आवश्यकता अग्रलेखांतून सांगणाऱ्या वर्तमानपत्रांनीही आपल्यापुरती सवलत पदरात पाडून घेतली, हा त्यातला उपरोध.

या दोन टक्क्यांच्या फरकावर एवढी खल व्हावी, याचे कारण जपानी करव्यवस्थेच्या रचनेत आहे. तेथील आयकराचे सात टप्पे आहेत; ५ टक्क्यांपासून ते ४ कोटी येनवरील उत्पन्नासाठी ४५ टक्क्यांपर्यंत. त्यावर स्थानिक रहिवासी कर सुमारे १० टक्के. ओझे हलके नाही. परंतु पगारदाराला ते फारसे दिसत नाही. १९४० मध्ये, युद्धकाळात सुरू झालेल्या पद्धतीनुसार मालक दरमहा वेतनातून कर कापतो आणि डिसेंबरमध्ये वर्षाचा हिशेब जुळवून कमी-अधिक रक्कम वळती करतो. परिणामी बहुसंख्य नोकरदारांवर विवरणपत्र भरण्याची वेळच येत नाही. दरवर्षी १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात कर कार्यालयासमोर दिसतात ते प्रामुख्याने व्यावसायिक, दुकानदार आणि शेतकरी. कंपनी कराचा मूळ दर १९८० च्या दशकात ४३.३ टक्क्यांपर्यंत गेला होता. २०१८ पर्यंत तो २३.२ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यातही ६० टक्क्यांहून अधिक कंपन्या कागदोपत्री तोट्यात असल्याने तो भरीतच नाहीत. उरतो तो उपभोग कर. गल्ल्यावर, प्रत्येक पावतीवर दिसणारा हा एकमेव कर; म्हणूनच जनतेचा रोष साठतो तोही त्याच्यावरच.

बळींची मालिका

मासायोशी ओहिरा यांनी १९७९ मध्ये या कराची कल्पना मांडली आणि निवडणुकीच्या धामधुमीतच ती गुंडाळली. तरीही पक्षाच्या जागा घटल्या. यासुहिरो नाकासोने यांना १९८७ मध्ये विक्रीकर विधेयक सोडून द्यावे लागले. नोबोरू ताकेशिता यांनी अखेर डिसेंबर १९८८ मध्ये कायदा संमत करून घेतला आणि १ एप्रिल १९८९ पासून ३ टक्के कर लागू झाला. दोनच महिन्यांत, रिक्रूट लाचप्रकरणाच्या जोडीने, ताकेशिता पायउतार झाले. जुलैमध्ये ताकाको दोई यांच्या समाजवादी पक्षाने वरिष्ठ सभागृहात सत्ताधाऱ्यांचे बहुमत हिरावून घेतले.

१९९४ मध्ये मोरिहिरो होसोकावा यांनी मध्यरात्रीनंतर पत्रकार परिषद घेऊन ७ टक्के 'राष्ट्रीय कल्याण करा'ची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली. त्याच वर्षी पंतप्रधानपदी आलेल्या समाजवादी मुरायामांच्या सरकारने मात्र, ज्या कराला पक्षाने कडवा विरोध केला होता, तोच ५ टक्क्यांवर नेण्याचा कायदा केला. १९९७ मध्ये ही वाढ अमलात आणणारे रयुतारो हाशिमोतो पुढच्याच वर्षीच्या पराभवानंतर गेले. २०१० मध्ये नाओतो कान यांनी १० टक्क्यांचा नुसता उच्चार केला आणि वरिष्ठ सभागृह गमावले. योशिहिको नोदा यांनी २०१२ मध्ये विरोधकांशी समझोता करून कर आधी ८ आणि मग १० टक्क्यांवर नेण्याचा कायदा केला; त्यात त्यांचा पक्ष फुटला आणि डिसेंबरमध्ये सत्ताही गेली.

यातून धडा घेतला तो शिंझो आबे यांनी. एप्रिल २०१४ मध्ये ८ टक्के होताच मागणी आटली, हे पाहून त्यांनी पुढची वाढ दोनदा लांबणीवर टाकली. पहिल्या वेळी तर लांबणीच्या निर्णयावर जनमत मागून निवडणूकच जिंकली. कर न वाढवणे हेही राजकीय भांडवल होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

बंद खोलीतून सभागृहात

जपानमध्ये कराचा निर्णय वर्षानुवर्षे संसदेत होतच नसे. सत्ताधारी पक्षाच्या कर संशोधन मंडळातील मोजके ज्येष्ठ सदस्य बंद दाराआड बसत; डिसेंबरमध्ये तेथून बाहेर पडलेला करसुधारणांचा आराखडा मार्चअखेर कायदा होई आणि १ एप्रिलला लागू होई. उद्योगसंघटनांचे वजन पडे ते या खोलीत.

परंतु या व्यवस्थेची एक कड कच्ची होती. भारतात कराचे विधेयक धनविधेयक ठरते आणि राज्यसभेला त्यावर १४ दिवसांत केवळ शिफारशी करता येतात. जपानमध्ये अर्थसंकल्पाबाबत कनिष्ठ सभागृहाचा शब्द अखेरचा असला, तरी करविधेयक हे साधे विधेयक असते. वरिष्ठ सभागृहाने ते अडवले, तर कनिष्ठ सभागृहाला दोन तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करावे लागते. २००८ मध्ये विरोधकांनी नेमके हेच केले. पेट्रोलवरील 'तात्पुरत्या' अधिभाराची मुदत संपली, एप्रिलभर पेट्रोल लिटरमागे सुमारे २५ येनने स्वस्त झाले आणि महिनाअखेर दोन तृतीयांश बहुमताच्या बळावर सरकारने तो पुन्हा लादला. १९७४ पासून चालत आलेला हा 'तात्पुरता' अधिभार ३१ डिसेंबर २०२५ रोजी रद्द झाला.

तो रद्द होण्यामागेही संख्याबळाचेच गणित होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिगेरू इशिबा यांच्या आघाडीने कनिष्ठ सभागृहातील, तर जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले. २८ जागांच्या एका छोट्या पक्षाने '१०.३ लाखांच्या भिंती'चा प्रश्न ऐरणीवर आणला. १९९५ पासून करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १०.३ लाख येनवर गोठलेली होती. त्या काळात सरासरी किमान वेतन ताशी ६११ येनवरून २०२४ मध्ये १,०५५ येनवर गेले. वेतन वाढले की मर्यादा लवकर गाठली जाई. मग अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी वर्षअखेरीस कामच थांबवीत, कारण मर्यादा ओलांडली की पालकांची करसवलत जाई. मनुष्यबळाच्या टंचाईने त्रस्त देशात कर कायदाच माणसांना घरी बसवत होता. किमान वेतनाच्याच प्रमाणात मर्यादा १७.८ लाखांवर न्यावी, ही त्या पक्षाची मागणी साने ताकाइची यांच्या सरकारला २०२५ च्या अखेरीस मान्य करावी लागली.

सवलतीचे बिल कोणाच्या नावे?

छोट्यांना दिलासा मिळाला असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. वार्षिक उलाढाल १ कोटी येनपर्यंत असलेल्यांना उपभोग कर भरण्यापासून सूट होती. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीकृत पावतीची सक्ती आली. सूट घेणाऱ्याकडून माल वा सेवा घेतल्यास ग्राहक कंपनीला त्या कराची पूर्ण वजावट मिळेनाशी झाली. कागदावर सूट कायम. व्यवहारात मात्र नोंदणी करा अथवा काम गमवा, असा पेच. चित्रकार, ॲनिमेशन कलाकार आणि अभिनेते रस्त्यावर उतरले ते यामुळेच.

दुसरीकडे, उपभोग कर २०२० च्या आर्थिक वर्षात आयकराला मागे टाकून सरकारी तिजोरीचा सर्वात मोठा स्रोत बनला. निवृत्तिवेतन, आरोग्य, वृद्धांची शुश्रूषा आणि बालसंगोपन यांसाठी तो कायद्याने राखून ठेवलेला आहे. ज्या देशात दहापैकी जवळपास तिघे ६५ वर्षांवरील आहेत आणि सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे, तेथे या कराला हात लावणे म्हणजे आजोबांच्या औषधाला हात लावणे. तो वाढवणे म्हणजे नातवाच्या पगारातून आणखी काढणे. २०२५ च्या निवडणुकीत बहुतेक विरोधी पक्षांनी करकपातीचे आश्वासन दिले. भरपाई कोठून, याचे समाधानकारक उत्तर थोड्यांकडेच होते.

ताकेशितांपासून नोदांपर्यंतच्या नेत्यांनी अप्रिय निर्णयाची किंमत चुकवली. त्यानंतरच्यांनी प्रिय निर्णयाचा लाभ घेतला. या प्रियतेचे बिल आज मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, तर अद्याप मतदारयादीत नाव न आलेल्यांच्या नावे फाडले जात आहे. बंद खोलीतून करनिर्णय सभागृहात आला, हा लोकशाहीचा लाभच. मात्र त्या सभागृहात बाकी सारे प्रतिनिधी असताना या पिढीचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न अनुत्तरित आहे.